पंच्याऐंशीवं पान

वोल्फ्सबुर्ग,
रविवार, ६ मे २००७

ती. हरीशदादा यांस श्रीधरचा शिरसाष्टांग नमस्कार (डावा गुडघा दुखत असल्यामुळे आठांतलं एक अंग कमी धरावं. कारण पुढे येईल.)

आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. आपली खुशाली स्नेहलतावहिनींकडून सुकन्याला आणि सुकन्याकडून मला दर शनिवारी कळते, म्हणजे माझ्यापर्यंत येईतो ती बरीच गाळून आलेली असते. तरी आपलं कोलेस्टेरॉल खाली आलं, आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि त्या आता तुमच्याकडे आलेली पाकिटं चष्म्याशिवाय वाचतात, इतकं कळलं. फार बरं वाटलं. आपण ट्रेडमिल घेतल्याचंही समजलं. व्यायामाची आवड या वयात लागणं ही मोठीच गोष्ट आहे. (त्यावर सध्या वहिनींच्या साड्या वाळत असतात असंही समजलं, पण ते मी ऐकलं नाही असं धरतो.)

आता हा माणूस फोन सोडून पत्र का लिहितोय, असं आपल्याला वाटेल. फोनवर आपण नुसतं "हं, हं" म्हणता आणि मागे टीव्हीवर बातम्या चालू असतात. ई-मेलमधून मराठी पाठवलं की आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसतात, हे आपणच कळवलं होतं. आणि विषय वेदचा आहे. तिकडे अमेरिकेत तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर जी युनिव्हर्सिटी आहे, तिच्या फुटबॉलच्या संघात आमच्या वेदला जागा मिळते की नाही, हा गेले सात महिने आमच्या घरातला एकमेव विषय आहे. भाजीत मीठ पडलंय की नाही हेसुद्धा आम्ही एकमेकांना विचारेनासे झालो आहोत. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो, दहा मिनिटं बातम्या बंद ठेवा.

वेद लहानपणापासून इथल्या क्लबात फुटबॉल खेळायचा हे आपल्याला माहीत आहे. इथला म्हणजे खरा फुटबॉल, पायाने खेळतात तो. पोराच्या पायात ताकद अशी की विचारू नका, पण चेंडू जायचा तो गोलच्या वरून. दर वेळी वरून! पेनल्टी द्या, वरून. मोकळा गोल द्या, वरून. एकदा तर तो चेंडू शेजारच्या बागेत एका म्हाताऱ्या बाईच्या कॉफीच्या टेबलावर उतरला आणि मी केक घेऊन माफी मागायला गेलो. शेवटी ट्रेनरने मला बाजूला घेऊन फार सभ्यपणे सांगितलं की आपला मुलगा गुणी आहे, पण हा गुण आमच्या खेळाचा नाही. त्या दिवशी पोरगं घरी येऊन खोलीत गेलं ते जेवायलाही बाहेर येईना. सोळा वर्षांचं पोर, एवढं उंच झालेलं, आणि दाराआडून हुंदके ऐकू येत होते. मी जर्मन लोकांना, त्यांच्या गोलच्या उंचीला आणि त्या केकच्या दुकानालाही मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या.

आणि दादा, मग कळलं की जगात असाही एक खेळ आहे ज्यात चेंडू वरूनच मारायचा असतो! इथून अर्ध्या तासावर, ब्राउनश्वाइगच्या बाजूला, अमेरिकन फुटबॉलचा एक लहानसा क्लब आहे. वेदच्या वर्गातला एक मुलगा त्याला तिथे घेऊन गेला. तिथे ट्रॉय नावाचा तुमच्याकडचा ट्रेनर आहे, शेजारीशेजारी दोन फ्रीज उभे करावेत एवढा रुंद. त्याने वेदची पहिली किक बघितली, दुसरी बघितली आणि तिसरीला डोक्यावरची टोपी काढली म्हणे. या खेळात अंड्यासारखा चेंडू दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून घालवला की गुण मिळतात. आणि एवढंच करण्यासाठी एक स्वतंत्र माणूस असतो, त्याला किकर म्हणतात. बाकीचे आपसात मारामारी करून दमले की हा शुभ्र कपड्यांत मैदानात येतो, एक लाथ मारतो आणि परत जाऊन बसतो. सुकन्याने विचारलं, अहो, एवढंच काम? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, एवढंच. ती म्हणाली, मग हा खेळ तुमच्या खात्याच्या साहेबांनी काढला असणार.

पण त्या लाथेला एक अट आहे. चेंडू अंड्यासारखा असल्यामुळे तो आपणहून उभा राहत नाही. कुणीतरी गुडघा टेकून बसायचं, एका बोटाने तो उभा धरायचा आणि समोरून किकर धावत आला की न हलता, न डोळे मिटता धरून ठेवायचा. त्या माणसाला होल्डर म्हणतात. क्लबचा सराव आठवड्यातून दोनदा. वेदला सराव हवा रोज, निदान रविवारी तरी. मग रविवारी बोट कुणाचं? आपल्या मेहुण्याचं. पहिल्या महिन्यात माझी तर्जनी दोनदा सुजली आणि अंगठा एकदा प्लास्टरमध्ये गेला. (ऑफिसात मी गाडीच्या दारात सापडला असं सांगितलं. गाड्याच बनवणाऱ्या कंपनीत ही थाप मारल्यामुळे दार कुठल्या मॉडेलचं, यावर सुरक्षा विभागाने मला चार पानांचा फॉर्म भरायला लावला.) गुडघ्यासाठी मी बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून, फरशी बसवणाऱ्या कारागिरांची रबरी उशी आणली. सुकन्या म्हणाली, बावीस वर्षांच्या संसारात माझ्यासमोर एकदा तरी गुडघा टेकलात का? मी म्हटलं, तू धावत येऊन लाथ मारणार नाहीस असं लिहून दे, आत्ता टेकतो. ती विचार करून सांगते म्हणाली. अजून काही सांगितलेलं नाही.

बरं, रविवारी इथे आवाज करायला बंदी. खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही, तिथे चेंडू बडवायला कोण देणार! म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका मोठ्या पार्किंगमध्ये जायला लागलो. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं आणि दिव्याचे दोन खांब बरोबर पाहिजे तेवढ्या अंतरावर आहेत. तिथे एकदा काय झालं, कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईंनी लांबून पाहिलं, की एक सावळा प्रौढ गृहस्थ मान खाली घालून गुडघ्यावर बसलाय आणि एक धिप्पाड तरुण त्याच्याकडे धावत जाऊन लाथ मारतोय. पुन्हा मागे जातोय, पुन्हा धावतोय. बाईंनी पोलिसांना फोन केला. दहा मिनिटांत गाडी आली. दोन पोलीस. एकाने मला हळूच बाजूला नेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, मोकळेपणाने बोला. मी सांगितलं, माझा मुलगा आहे, आणि हे मी स्वखुशीने करतो. दादा, या वाक्याने माणसाची परिस्थिती अधिकच वाईट वाटते, हे मला तेव्हा कळलं. शेवटी वेदने चेंडू दाखवला, त्यांच्यासमोर एक मारून दाखवला, तो दोन्ही खांबांमधून गेला आणि कंपनीच्या कुंपणाच्या पलीकडे पडला. मग त्यातला धाकटा पोलीस कुंपण चढून चेंडू आणायला गेला आणि थोरल्याने विचारलं की एकदा मी धरून बघू का. वेद नको म्हणाला. होल्डर बदलला की नेम चुकतो, असं त्याने त्यांना जर्मनमध्ये सांगितलं. मी तिकडे बघून गुडघा चोळायला लागलो, कारण डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं होतं.

तर, आल्झो. (हा शब्द आता माझ्या तोंडातून जात नाही, क्षमा असावी.) गेल्या ऑक्टोबरात ट्रॉयने वेदच्या किकांची फिल्म काढली आणि ओळखीच्या चार कोचना पाठवली. त्यांतल्या तुमच्या गावाजवळच्या कोच डॉसनसाहेबांचं उत्तर आलं. मुलगा आवडला, शिष्यवृत्तीची एक जागा शिल्लक आहे, तोंडी नक्की समजा, बाकी बघू. आमच्याकडे त्या दिवशी श्रीखंड झालं. वेदने नेहमीप्रमाणे "जा, पास्ट शोन" (म्हणजे "हो, ठीक आहे") म्हणून तीन वाट्या खाल्ल्या.

आता "एक जागा शिल्लक" म्हणजे काय, हे मी इंजिनिअरच्या चिकाटीने शोधून काढलं. त्या खेळात मैदानात अकराच माणसं असतात. पण हल्ला करणारे अकरा वेगळे, अडवणारे अकरा वेगळे, त्यांचे बदली वेगळे, जखमी झाले तर आणखी वेगळे, असं करत करत शंभराच्या वर पोरं जमतात. या सगळ्यांना शिष्यवृत्ती दिली तर कॉलेजातले दिवे बंद करावे लागतील, आणि श्रीमंत कॉलेजं सगळेच चांगले खेळाडू ओढून नेतील, म्हणून वरच्या लोकांनी नियम केला आहे की शिष्यवृत्तीवाले पंच्याऐंशीच. शहाऐंशीवा नाही म्हणजे नाही. प्रत्यक्ष यमदूत चिठ्ठी घेऊन आला तरी नाही. मी ऑफिसच्या प्लॉटरवर पंच्याऐंशी चौकोनांचा तक्ता काढला आणि स्वयंपाकघरात लावला. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून एकेकाचं नाव, उंची, वजन भरलं. (वजनं पौंडांत होती, ती मी किलोत केली. एक पोरगा एकशे बेचाळीस किलोंचा निघाला. त्याचं टोपणनाव टायनी.) पंच्याऐंशीव्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं: वेद.

दादा, त्या तक्त्याने आम्हाला वेड लावलं. रोज सकाळी चहाच्या आधी मी वेबसाइट बघायचो. कुणाचा खांदा निखळला, कुणी अभ्यासात मागे पडला, कुणाचं शिक्षण संपत आलं. सुकन्याला या सगळ्या पोरांचा लळा लागला. टायनीला पोळ्या किती लागत असतील याची ती चिंता करायची. मग एक दिवस देवापुढे बसलेली ती एकदम उठून आली आणि म्हणाली, अहो, मी मागू तरी काय? वेदची जागा पक्की होऊ दे म्हटलं तर त्याचा अर्थ कुणाचा तरी पाय मोडू दे नाहीतर कुणीतरी नापास होऊ दे, असा होतो. त्यांनाही आया आहेत. असं म्हणून ती खरंच रडायला लागली. मग आम्ही दोघांनी बसून प्रार्थनेचा मसुदा तयार केला. कुणालाही इजा न होता, सर्व विषयांत उत्तीर्ण होऊन, एखाद्या मुलाचं शिक्षण वेळेआधी पूर्ण होऊन त्याला उत्तम नोकरी लागावी. देवालाही हे जरा लांबलचक वाटलं असेल, पण कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होतं.

आणि जानेवारीत घाव पडला. पंच्याऐंशीव्या चौकोनात एक किकर येऊन बसला. ट्रान्सफर!

ट्रान्सफर म्हणजे बदली, इतकंच मला ठाऊक. आमचे तीर्थरूप पोस्टात होते. बदली म्हणजे एकतर शिक्षा नाहीतर वशिला, तिसरं कारण आमच्या घरात कधी ऐकलं नाही. मी ट्रॉयला फोन करून विचारलं, या मुलाची बदली कुणी केली, वरून दबाव आला का? ट्रॉयला माझा प्रश्नच समजेना. मग कळलं की तिथे पोरं स्वतःच आपली बदली करून घेतात. हा मुलगा एका मोठ्या कॉलेजात होता, तिथे किकर तीन, याचा नंबर लागेना, म्हणून हा इकडे आला. बरं, आला तर आला. पण गंमत अशी की असं कॉलेज बदलून आलेल्याने एक वर्ष सामना खेळायचाच नाही, असाही नियम आहे. नुसतं बसायचं. सराव करायचा, अभ्यास करायचा, सामन्याच्या दिवशी कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. हे वाचून मी खुर्चीतून उडालो. म्हणजे यंदा किक मारायला कुणीतरी लागणारच! पण पुढची ओळ वाचली आणि खाली बसलो. तो खेळणार नसला तरी शिष्यवृत्तीच्या पंच्याऐंशीत धरला जातो. जागा गेली ती गेलीच. मी पेन्सिलीने लिहिलेलं नाव खोडलं नाही. ते काम सुकन्याने मी ऑफिसला गेल्यावर केलं, आणि वेद अभ्यासाला बसल्यावर पुन्हा लिहिलं. घरात असं दोन महिने चाललं होतं.

एवढ्यात मार्चमध्ये डॉसनसाहेबांची ई-मेल आली, माझ्या नावाने. त्यात त्यांनी लिहिलं होतं की आम्हाला वेद "प्रिफर्ड वॉक-ऑन" म्हणून आवडेल. आता आपणच सांगा. माझं इंग्रजी काही कच्चं नाही. वॉक ऑन म्हणजे पुढे चालू लागा. प्रिफर्ड म्हणजे असं केलंत तर बरं. म्हणजे हा गृहस्थ, पाच महिने पोराला आशेला लावून, मला सरळ लिहितोय की आपण चालते झालात तर बरं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेद शाळेत होता, सुकन्या बाजारात. समजवायला कुणी नव्हतं. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. अत्यंत सभ्य, पण प्रत्येक शब्दात कळ. महोदय, आपली सूचना पोहोचली. "माय सन ऑल्सो प्रिफर्स टू वॉक ऑन." आमच्या घराण्यात कुणी कुणाच्या उपकारावर जगलेलं नाही. आम्ही आमच्या पायांवर आलो आणि आमच्या पायांवर पुढे जाऊ. आपल्या पंच्याऐंशींना शुभेच्छा. आपला, वगैरे. पाठवलं आणि छाती काढून स्वयंपाकघरात गेलो, तक्ता फाडायला. पण तो फाडवेना. टायनीकडे बघून हात थांबला.

सात मिनिटांत उत्तर. "ऑसम! दॅट्स द स्पिरिट! वेलकम टू द फॅमिली!" प्रत्येक वाक्यापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. ऑगस्टच्या पाच तारखेला हजर व्हा, सोबत फॉर्म जोडला आहे. मी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं, माणूस टोमण्याला टोमणा मारतोय. एवढ्यात वेद घरी आला, त्याने दोन्ही पत्रं वाचली, पांढराफटक पडला, "पापा, वास हास्ट डू गेमाख्ट!" (हे काय करून ठेवलंत!) म्हणून ओरडला, मग पुन्हा वाचली आणि हसत हसत जमिनीवर आडवा झाला. पाय झाडून हसत होता. अर्धवट जर्मनमध्ये, अर्धवट खोकल्यात त्याने मला समजावलं ते असं. पंच्याऐंशींच्या बाहेर जी वीस-पंचवीस पोरं बिनशिष्यवृत्तीची संघात असतात, आपल्या खर्चाने येतात, तशीच मार खातात, तशीच घाम गाळतात, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. त्यातले प्रिफर्ड म्हणजे ज्यांना कोचने मुद्दाम बोलावलं ते. म्हणजे मी रागाच्या भरात, आम्हीच चालते होतो, असं अमेरिकेला सुनावलं, आणि अमेरिकेने ते पोराचा होकार म्हणून घेतलं!

संध्याकाळी मी सुकन्याला हे सगळं समजवायला कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिला एक मिनिट लागलं नाही. ती म्हणाली, कळलं. लग्नात पंच्याऐंशी पानांची पंगत बसलीये. त्यात एक पाहुणा पान मांडून बसलाय, पण त्याचा वर्षभराचा उपास आहे. आणि आपला वेद वाढपी. सगळी पंगत यंदा तोच उठवणार, पण त्याचं पान नाही. पुढच्या वर्षी कुणी उठलं तर बघू. मी म्हटलं, जा, गेनाऊ. अमेरिकन लोकांना हे समजवायला चाळीस पानांचं नियमपुस्तक लागतं. ती म्हणाली, पण वाढप्याला कुणी उपाशी ठेवतं का? त्याला आधी आत बोलावून काहीतरी खायला घालतातच की. हे तिचं वाक्य, दादा, आपण कृपया लक्षात ठेवावं.

असो. फीचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे, त्याची आपण काळजी करू नये, आणि हे पत्र त्यासाठी मुळीच नाही. वेदची आबिटूरची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा जूनमध्ये संपेल. पोरगं इतकं खूश आहे की आंघोळ करताना त्या युनिव्हर्सिटीचं गाणं म्हणतं. मीही खूश आहे. तक्त्यावर पंच्याऐंशीच्या खाली मी एक नवीन चौकोन काढलाय, शाईने. स्नेहलतावहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग (गुडघ्याची सवलत त्यांच्यापुढे घेणार नाही). ट्रेडमिलवर रोज चालत जावं, साड्या बाजूला करून. लोभ आहेच, तो या पत्राच्या लांबीमुळे कमी होऊ नये.

आपला,
श्रीधर

ता. क. फॉर्ममध्ये "स्थानिक पत्ता" असा एक रकाना आहे आणि तो एक जूनच्या आत भरून पाठवायचा आहे. वॉक-ऑनला वसतिगृहाची जागा कोच देत नाहीत. तुमच्या घरी खालच्या मजल्यावर एक छान खोली आहे, असं आठवलं. वेद घरात चेंडू मारत नाही. त्याला पहाटे सहाला जावं लागेल, तेव्हा खालचीच बरी, वर आपल्या झोपेचं खोबरं होईल. एक वर्षाचाच प्रश्न.

ता. क. २. त्या खोलीत आई राहतात हे मला पूर्ण ठाऊक आहे. वरची खोली ट्रेडमिलची, आणि आपल्या प्रकृतीशी मी खेळणार नाही. म्हणून नीट विचार करून एक योजना सुचवतो. आईंना एक वर्षासाठी वोल्फ्सबुर्गला ट्रान्सफर द्यावी. नियमाप्रमाणे त्यांनी इथे वर्षभर काहीही न करता नुसतं बसायचं आहे, पान आम्ही मांडू, आणि उपास तर त्यांचे चालूच असतात. हा मजकूर तेवढा आईंना वाचून दाखवू नये. आधी आपण मन वळवावं.

ता. क. ३. पाकीट बंद केलं होतं, ते सुकन्याने उघडून वाचलं आणि पाच मिनिटं ती हसतच बसली. सगळं तीन आठवड्यांपूर्वीच ठरलंय म्हणे. आई आणि ती फोनवर बोलल्या, ट्रेडमिल गॅरेजमध्ये जाणार, वरची खोली वेदची, आणि आपणही होय म्हणून बसलात (बहुधा "हं, हं"). सुकन्याने लगेच फोन लावून आईंना ट्रान्सफरबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, मी कुठेही जात नाही, पोराला पहाटे सहाला खायला कोण घालणार? म्हणजे या घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून. मी इतकी पानं उगाच लिहिली. आई, पाकिटं आपणच उघडता, तेव्हा हे आपणच वाचत असणार. ता. क. २ मी मागे घेतो. पाया पडतो.

ता. क. ४. आता मागायचं काही उरलं नाही, म्हणून खरं ते लिहितो. आज सकाळी पार्किंगमध्ये सराव झाला. शेवटची किक झाल्यावर वेद चेंडू आणायला गेलाच नाही, माझ्यासमोर उभा राहिला. दादा, हे पोर माझ्याशी कायम जर्मनमध्ये बोलतं. आपण मराठीत विचारायचं, त्याने जर्मनमध्ये सांगायचं, असा आमचा एकोणीस वर्षांचा करार आहे. आणि आज तो चक्क मराठीत म्हणाला, "बाबा, तिथं कोण धरणार?" मी म्हटलं, अरे, तिथे मोठा तयारीचा होल्डर असेल, वीस वर्षांचा, धडधाकट गुडघ्यांचा. त्याने मान हलवली, पण चेंडू आणायला गेला नाही तो नाहीच. शेवटी मीच उठून गेलो. ऑक्टोबरात माझी पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे. गॅरेजमध्ये ट्रेडमिलच्या शेजारी एक माणूस आडवा होईल एवढी जागा असली तर कळवा. मला शिष्यवृत्ती नको, पान नको, मी वॉक-ऑनच. गुडघ्याखालची उशी येताना माझी मी आणीन.